अकाउंटंट शोधून देणारी कन्सल्टन्सी : ५ पैकी २ स्टार, तेही काउंटरवरच्या पोरीमुळं

आधीच सांगते, कन्सल्टन्सीचं नाव लिहिणार नाही. कोल्हापूर केवढंसं, उद्या कुणाच्या तरी बारशाला शेजारी शेजारी जेवायला बसायची वेळ येणार, शिवाय आप्पांनी (माझे सासरे) दम दिलाय की काय लिहायचं ते लिही पण कुणाच्या पोटावर पाय द्यायचा न्हाई. स्टेशन रोडच्या बाजूला एका बिल्डिंगीत जिना चढून गेलं की यांचं ऑफिस, एवढंच धरा. ज्यांचा छोटा कारखाना किंवा दुकान आहे आणि हिशोबाला माणूस पाहिजे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितेय, नाहीतर मला काय वेळ जात नाही असं नाही.

आमचं उद्यमनगरात मशीन शॉप आहे, दोन सीएनसी, एक व्हीएमसी आणि आप्पांच्या काळातल्या लेथी ज्या विकायचं नाव काढलं की घरात दोन दिवस कोण कुणाशी बोलत नाही. फाउंड्रीवाले कास्टिंग (ओतीव भाग) पाठवतात, आम्ही मशीनिंग करून परत देतो, म्हणजे जॉबवर्कच. मशीनचं सगळं माझे मिस्टर बघतात, ऑफिस माझ्याकडं. आमच्याकडं सोळा वर्षं एक काका होते हिशोबाला, ते पुण्याला मुलाकडं गेले आणि जाताना समजलं की अर्धा कारखाना त्यांच्या डोक्यात होता. कुठल्या पार्टीला बिल ईमेल करायचं, कुणाला हार्ड कॉपीच लागते, कोण टीडीएस कापून सर्टिफिकेट द्यायला विसरतो, सगळं.

मग दोन महिने सीएच्या ऑफिसातला पोरगा येऊन जाऊन करायचा. एका महिन्यात त्याची ११ तारीख चुकली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मंथलीवाल्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचं असतं, ते भरलं तरच १४ तारखेला समोरच्या पार्टीच्या २बी मध्ये (पोर्टलवरची त्याच्या खरेदीची यादी) आपलं बिल दिसतं, आणि दिसलं तरच त्याला क्रेडिट, म्हणजे भरलेल्या टॅक्सची वजावट, मिळतं. आम्ही पाच कोटीच्या आत आहोत, तिमाही चाललं असतं, पण पार्ट्यांना दर महिन्याला क्रेडिट पाहिजे म्हणून मंथलीच ठेवलंय. तर ११ चुकली आणि १५ तारखेला सकाळी सकाळी शिरोलीच्या पार्टीचा फोन, वहिनी तुमची बिलं दिसत नाहीत, पेमेंट होल्डला टाकलंय. झालं. पगार तोंडावर आलेले. त्या दिवशी मी ठरवलं की आता माणूस बघायचाच, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून या कन्सल्टन्सीत गेले.

ऑफिस चकाचक. एसी, काचेचं टेबल, भिंतीवर हातात हात घेतलेले फोटो. सरांनी चहा मागवला आणि अर्धा तास समजावलं की आम्ही नुसते बायोडाटा फॉरवर्ड करत नाही मॅडम, स्क्रीनिंग करतो, टॅलीची (हिशोबाचं सॉफ्टवेअर) टेस्ट घेतो, मगच तुमच्याकडं पाठवतो. रजिस्ट्रेशनचे ५०० रुपये आधी, माणूस जॉइन झाला की त्याचा १५ दिवसाचा पगार अधिक जीएसटी, आणि तीन महिन्याच्या आत सोडून गेला तर बदली माणूस फुकट. मी सांगितलं पगार १५ ते १६ हजार, सुरुवातीला, तीन महिन्यांनी बघून वाढवू. जॉबवर्कची चलनं (मालासोबत येणारे कागद) समजली पाहिजेत, जीएसटी, टीडीएस, पीएफ-ईएसआयसीची माहिती पाहिजे, शनिवारी पूर्ण दिवस. सरांनी सगळं लिहून घेतलं. लिहून घेतलेलं त्यांनी नंतर वाचलं का, याबद्दल मला शंका आहे.

इंटरव्ह्यू आमच्याच ऑफिसात ठेवले, दोन दिवस, मी आणि आप्पा. आप्पा का, तर कारखाना त्यांचा आहे आणि त्यांना घरी बसवणार कोण. ऑफिस वर, खाली मशीनचा आवाज, कूलंटचा वास, त्यात आप्पांचा पहिला प्रश्न सगळ्यांना ठरलेला, गाव कुठलं रं तुझं. मग त्या गावातले आमचे पाव्हणे, मग त्या पाव्हण्यांची मोडलेली सोयरीक, अशी दहा मिनिटं जायची आणि मी घड्याळ बघत बसायची. सुरुवातीला वैतागले होते, पण खोटं कशाला बोलू, पोरं सैल व्हायची त्यामुळं.

माझी परीक्षा वेगळी होती. मी एका पाकिटात नऊ कागद घातले होते, सगळे आमचेच खरे, आणि कॉम्प्युटर बंद ठेवला होता. कागद बघायचे आणि तोंडी सांगायचं, कुठला कशात जाणार. निपाणीच्या टूलवाल्याचं इन्सर्टचं बिल, लाईट बिल, टेम्पोच्या डिझेलची पावती, फाउंड्रीचं चारशे नगाचं चलन, आमचं लेबरचं बिल, मशीनिंग रिजेक्शनची डेबिट नोट, एका महिन्याचं पगारपत्रक, बँक स्टेटमेंटचं एक पान आणि गणपती मंडळाची ५०१ ची पावती. निपाणीच्या बिलात मेख होती. निपाणी इथनं तासाभरावर, आपल्याला घरचंच वाटतं, पण ते कर्नाटक. जीएसटी नंबर २९ नं सुरू होतो, आपला २७ नं. मग टॅक्स आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधला, लागायला पाहिजे, आणि त्या बिलावर एकाच राज्यातलं सीजीएसटी-एसजीएसटी लावलेलं होतं. आमच्या काकांनी त्या वेळी ते बिल परत पाठवून दुरुस्त करून घेतलेलं, झेरॉक्स राहिली होती फाईलला.

पहिला आला तो वडणग्याचा, बीकॉम, फर्स्ट क्लास, इस्त्रीचा शर्ट, वेळेच्या आधी दहा मिनिटं हजर. मी खूश. टॅली येतं का विचारलं तर एका दमात, एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. पाढे म्हटल्यासारखं. म्हटलं छान, आता हे पाकीट बघ. त्यानं लाईट बिल उचललं आणि म्हणाला एफ९ पर्चेस, १८ टक्के इनपुट क्रेडिट घ्यायचं. विजेवर जीएसटी नसतोच, बिलावर कुठं लिहिलंय दाखव म्हटलं तर बराच वेळ बिल उलटंपालटं करत बसला. डिझेलवर पण क्रेडिट घेतलं, तेही जीएसटीत नाही. फाउंड्रीच्या चलनावर ३ लाख २० हजार किंमत लिहिलेली, तर तेवढ्याची आमची खरेदी करून टाकली. अरे बाबा कास्टिंग त्यांचंच आहे, आपण नुसती मजुरी घेतो, माल येणार आणि जाणार, खरेदी कसली? तो म्हणाला क्लासमध्ये असं चलन आलं नव्हतं. चूक त्याची नाही म्हणा. कोर्समध्ये पोरांना कीबोर्ड शिकवतात, कागद कोण शिकवत नाही. आप्पांनी त्याला सतरा रुपयांचा प्रश्न विचारला, तो काय ते खाली सांगते.

दुसरा आलाच नाही. फोन केला तर मॅडम गाडी पंक्चर, कावळा नाक्यावर आहे. तासाभरानं फोन बंद.

तिसऱ्याच्या वेळी माझं डोकं फिरलं. इचलकरंजीचे, चाळिशीचे दादा, सूतवाल्याकडं अकाउंट बघितलेलं. पाकिटातले नऊच्या नऊ कागद बरोबर, निपाणीचं बिल हातात घेतल्या घेतल्या बाजूला ठेवलं आणि म्हणाले हे परत द्या. मी मनातल्या मनात नारळ फोडला. मग पगाराचं निघालं तर म्हणाले मला २८ सांगितलंय. मी म्हटलं १६. ते गप्प, मी गप्प, आप्पा खिडकीतून खाली लेथीकडं बघालेत. बिचाऱ्यांनी इचलकरंजीवरून येण्यासाठी हाफ डे घातलेला. आप्पांनी जबरदस्तीनं त्यांच्या हातात पेट्रोलचे दोनशे ठेवले. मी कन्सल्टन्सीला फोन लावला तर सर म्हणतात, मॅडम समोरासमोर बसलं की निगोशिएट होतं. १६ आणि २८ मध्ये काय निगोशिएट होतं सांगा मला? भाजी मंडईत पण एवढं होत नाही. माझ्या मते हा या लोकांचा सगळ्यात मोठा दोष, दोन्हीकडं दोन आकडे सांगायचे आणि मधल्या मधे माणसाचा दिवस घालवायचा.

चौथी मुलगी गडहिंग्लजहून एसटीनं आली होती पहाटेची, आणि तिला वाटलं होतं टेलिकॉलिंगचा जॉब आहे. पुढं काय लिहू. चहा-पोहे दिले आणि दुपारची गाडी मिळेल अशा बेतानं सोडलं.

पाचव्याबद्दल मात्र लिहायला पाहिजे, कारण अशी माणसं बोलायला इतकी गोड असतात की मी एकटी असते तर घेतला असता. जॅकेट, हातात दोन मोबाईल, दहा वर्षांचा अनुभव. पाकीट न उघडताच म्हणाला वहिनी हे सगळं होतंय ओ, मला एवढंच सांगा की रोखीतलं किती दाखवायचं आणि किती नाही, मी दोन्ही पुस्तकं ठेवतो, आधीच्या शेठचं पण मीच बघायचो. मग आधीच्या शेठचं सगळं सांगितलं. कोण पार्टी, काय रेट, कुणाला किती रोख, शेठच्या भावाचं काय भांडण. आप्पा ऐकत होते, मान हलवत होते, मला वाटलं रंगले की काय. तो गेल्यावर म्हणाले, आमच्याकडं सहा म्हयने राह्यला तर पुढच्या ठिकाणी आपलं भांडण सांगंल गा हा. आपल्या घरात भांडणं भरपूर आहेत, त्यामुळं मुद्दा मला पटला.

सहावा पोरगा लई हुशार. सीएची आर्टिकलशिप पूर्ण, एक ग्रुप राहिलेला, अभ्यास चालू. मी विचारलं प्रोफेशन टॅक्स दर महिन्याला २०० कापतो मग फेब्रुवारीत ३०० का? बऱ्याच जणांना फक्त कापायचं माहीत असतं. हा हसला आणि म्हणाला, राज्यघटनेतच वर्षाला २५०० ची मर्यादा आहे मॅडम, अकरा महिने २०० चे २२०० होतात आणि उरलेले ३०० एका महिन्यात. वर हे पण सांगितलं की बायकांना पंचवीस हजार पगारापर्यंत पीटी नाही, २०२३ च्या एप्रिलपासून, तुमच्या पगारपत्रकात पॅकिंगवाल्या ताईंचे २०० कापलेत. मी बघितलं, खरंच कापलेत! सीएच्या ऑफिसातल्या पोराची करामत. त्या ताईंचे परत दिले मी त्याच आठवड्यात.

त्यानंच विचारलं की तुमच्या बिलावर उद्यम नंबर (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) आहे का. नव्हता. म्हणाला छापा, आम्ही लहान उद्योग आहोत हे समोरच्याला लेखी कळलं पाहिजे. करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसला तर १५, एवढ्यात त्यानं पैसे नाही दिले आणि वर्षअखेरला पण तुमचं बिल थकीत असलं तर त्याला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरायचा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हा नियम आहे म्हणे, १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातल्या ४३बी मधलं एच कलम. आता नव्वद-नव्वद दिवस पैसे न देणाऱ्या फाउंड्रीवाल्याला मी कलम दाखवून काय मिळवणार, पुढची ऑर्डर जायची, पण नंबर मात्र छापला. या पोराला घेतला नाही कारण त्यानंच प्रामाणिकपणे सांगितलं, परीक्षेच्या आधी तीन महिने मी येणार नाही आणि पास झालो तर राहणार नाही. त्याला शुभेच्छा. कन्सल्टन्सीला ही गोष्ट माहीत होती का? होती. आम्हाला सांगितली का? नाही.

आता सतरा रुपये. आप्पांचा प्रश्न असा, संध्याकाळी गल्ला मोजला, पुस्तकापेक्षा सतरा रुपये जास्त आहेत, काय करशील? सोपा वाटतो ना. वडणग्याचा म्हणाला सस्पेन्सला (उलगडा न झालेल्या रकमांचं खातं) टाकीन. जॅकेटवाला म्हणाला पोरांना चहा पाजू की आप्पा. सीएवाला म्हणाला रक्कम किरकोळ आहे, राईट ऑफ म्हणजे इन्कमला घेऊन टाकू. पुस्तकाप्रमाणं यातलं एखादं बरोबर असेलही, पण आप्पा प्रत्येक वेळी नुसतं हं म्हणायचे. मला पण माहीत नव्हतं त्यांना काय ऐकायचंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी यादी संपली. मी कन्सल्टन्सीला फोन केला, सर मीटिंगमध्ये, फोन काउंटरवरच्या पोरीनं उचलला. मी तिच्यावर जरा तोंड सोडलं, चुकलंच माझं. ती शांतपणे म्हणाली, मॅडम एक बायोडाटा आहे, सरांनी बाजूला ठेवलाय, वय ४७ आहे आणि टॅली प्राईम लिहिलेलं नाही, फक्त जुनं ईआरपी ९ आहे, पण बाई दोनदा स्वतः येऊन विचारून गेल्यात, पाठवू का? हेच ते स्क्रीनिंग बरं का. एवढ्या जणांतून गाळून यांनी जे बाहेर टाकलं तेच मला पाहिजे होतं.

बाई कसबा बावड्याच्या. केएमटीच्या बसनं आल्या, फोनवरून तासाभरात. साधी साडी, पिशवीत छत्री, डबा आणि एक वही. एकोणीस वर्षं शाहूपुरीत एका भुसारी व्यापाऱ्याकडं होत्या, मालक वारले, मुलांनी दुकान भाड्यानं दिलं, नोकरी गेली. आप्पांचं गाव-पाव्हणे झालं (निघालेच, आप्पांच्या मावसभावाच्या व्याह्यांच्या शेजारी). मी पाकीट दिलं. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग नऊ कागद टेबलावर तीन ढिगात लावले, आणि मला म्हणाल्या हे पुस्तकात जाणारं, हे नुसतं नोंदीला ठेवायचं आणि हे परत द्यायचं. परत द्यायच्या ढिगात एकच कागद, निपाणीचं बिल. चलन नोंदीच्या ढिगात. त्यावर बोट ठेवून विचारलं, वहिनी चारशे आलेत, परत किती गेले त्याचं रजिस्टर कुठाय? बरोबरच आहे, माल पाठवल्यापासून वर्षाच्या आत परत गेला नाही तर कायद्यानं पाठवणाऱ्याची ती विक्रीच धरतात, आणि मग फाउंड्रीवाला आपल्या मानेवर बसतो. जॉबवर्क त्यांनी कधी केलेलं नव्हतं, तरी प्रश्न बरोबर जागेवर आला. रिजेक्शनच्या डेबिट नोटला मात्र त्या अडखळल्या, एमआर सीआर म्हणजे काय ते मी समजावलं, मशीनिंगमध्ये नग गेला तर आपल्या अंगावर आणि कास्टिंगमध्येच भोक निघालं तर त्यांच्या. वहीत लिहून घेतलं.

मग मी विचारलं, सगळ्यात अवघड काम कुठलं केलंत? मला वाटलं ऑडिट वगैरे सांगतील. त्या म्हणाल्या, २०१९ चा पूर.

ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा दुकानात छातीपर्यंत होतं. कॉम्प्युटर गेला, बॅकअपचा पेन ड्राईव्ह त्याच टेबलाच्या खणात, तोही गेला, वह्यांचा लगदा. एप्रिलपासूनचे चार महिने हवेत. त्यांनी काय केलं, खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या २ए वरून (माल देणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची यादी) उचलली, तेव्हा २बी नव्हतंच, ते पुढच्या वर्षी आलं. मोठ्या पार्ट्यांची विक्री भरलेल्या जीएसटीआर-१ वरून. बँकेचं स्टेटमेंट. गावोगावच्या दुकानदारांकडून त्यांच्या वहीतले उतारे, अर्ध्यांची दुकानं पण पाण्यात. आणि रोखीची किरकोळ विक्री? ती कुठंच नव्हती. मग या बाईंना आठवलं की हमालांची डायरी हमाल घरी नेतो, दुकानात ठेवत नाही. रोज किती पोती उतरली, किती चढवली, त्यावर त्याची मजुरी. हमाल राहायला उंचावर, डायरी कोरडी. चढवलेल्या पोत्यांतून बिलाची पोती वजा केली की उरलेली रोखीची. दिवाळीच्या आत चार महिने उभे केले, सोळा पोत्यांचा फरक राहिला तो शेवटपर्यंत सुटला नाही. हे सांगताना त्यांना त्या सोळा पोत्यांचं अजून वाईट वाटत होतं! बाकी सगळं जुळलं त्याचं काही नाही, सोळा पोती का सुटली नाहीत.

आप्पांनी सतरा रुपये विचारले. बाई म्हणाल्या, त्या दिवशी उठायचं नाही आप्पा. कमी असले की सगळे शोधतात, आपल्या खिशातनं जातील म्हणून. जास्त असले की कोण शोधत नाही. पण जास्त आलेत म्हणजे कुणाचं तरी दिलेलं आपण लिहिलेलं नाही, उद्या तो माणूस दारात आला तर आपण खोटे पडणार. आप्पा यावेळी हं म्हणाले नाहीत. खाली हाक मारून चहा सांगितला, स्पेशल.

म्हणून माणूस मिळाला का, मिळाला. १६ हजारावर, तीन महिन्यांनी १८. टॅली प्राईमचं म्हणाल तर पहिल्या दिवशी जुना गेटवे सापडेना म्हणून घाबरल्या होत्या, मी त्यांना ऑल्ट आणि जी दाबून गो टू कसं उघडायचं ते दाखवलं, काय पाहिजे ते तिथं टाईप करा म्हटलं, दोन दिवसात हात बसला. क्रेडिट नोट डेबिट नोटच्या कीज बदलल्यात त्यावरून अजून चिडतात. पण एवढ्याशा गोष्टीवरून ज्यांनी बायोडाटा बाजूला ठेवला त्यांना काय म्हणायचं? सॉफ्टवेअर दोन दिवसात शिकता येतं, हमालाची डायरी आठवायला एकोणीस वर्षं लागतात.

स्टारचा हिशोब असा. एक स्टार, कारण शेवटी माणूस यांच्याच मार्फत आला, आणि मी पैसे द्यायचे नाकारत नाही. दुसरा स्टार काउंटरवरच्या पोरीचा, तिचा पगार वाढवा सर, तुमचं खरं स्क्रीनिंग तीच करतेय. बाकीचे तीन कापले ते २८ हजारवाल्या दादांचा हाफ डे, गडहिंग्लजच्या पोरीची पहाटेची एसटी आणि टेस्ट घेतो म्हणून न घेतलेली टेस्ट यांच्यापायी. कुणी जाणार असाल तर पगाराचा आकडा मेसेजवर लिहून पाठवा आणि उमेदवाराला तोच मेसेज फॉरवर्ड करा म्हणून बजावा, आणि बाजूला ठेवलेले बायोडाटा पण बघायला मागा. पाकीट मात्र स्वतःचं न्या, आपल्याच धंद्यातले कागद, त्यात एक चुकीचा.

आता बिलाचं राहिलं. बाई जॉइन झाल्याच्या चौथ्या दिवशी कन्सल्टन्सीचं बिल आलं, फी ८,०००, जीएसटी १,४४०, एकूण ९,४४०. आकडे बरोबर म्हणून मी सही करून त्यांच्याकडं सरकवलं. पाच मिनिटांनी बाई चष्मा पुसत माझ्या टेबलाशी. वहिनी, हे स्टेशन रोडवरचे ना? हो. मग आयजीएसटी कसं लावलंय, दोघांचा पण नंबर २७ नं सुरू होतोय, सीजीएसटी-एसजीएसटी ७२०-७२० पाहिजे. निपाणीच्या बिलाचं उलटं! मी सरांना फोन लावला, स्पीकरवर. सर म्हणाले, मॅडम रक्कम तर तीच होतेय की, टाका ना तसंच. बाईंनी सांगितलं, तसंच टाकता येत नाही सर, दुरुस्त करून पाठवा, तोवर पेमेंट थांबवते. जरा वेळ गप्प. मग सर म्हणाले, थोडे दिवस थांबावं लागंल मॅडम, आमचा अकाउंटंट सोडून गेलाय, नवीन बघालोय.